तव्यावरचा थेंब आणि लेसरचा रेटा

भाकरी टाकण्याआधी तवा तापलाय का हे बघायला त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. तवा कोमट असला तर थेंब पसरतो आणि हळूहळू आटतो. तवा सणसणीत तापलेला असेल तर मात्र थेंबाची टपोरी गोळी होते आणि ती तव्यावर सैरावैरा धावत सुटते. तिला कोणी ढकललेलं नसतं. थेंबाचा तव्यालगतचा भाग क्षणात वाफ होतो, ती वाफ बाहेर पडायला वाट काढते आणि जाता जाता उरलेल्या थेंबाला उचलून धरते, रेटते. थेंब स्वतःचाच थोडा भाग खर्ची घालून पळत असतो.

अवकाशातली वस्तू ढकलण्याची एक पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिथे तवा नसतो. उष्णता दुरून, लेसरच्या झोतातून येते. झोत वस्तूच्या पृष्ठभागावर एका बारीक ठिपक्यावर पडतो, तिथला पातळसा थर भडकून वाफ होतो, वाफेचा फवारा एका बाजूला सुटतो आणि वस्तूला उलट बाजूला रेटा बसतो. लेसरने असा थर उडवण्याला लेसर अ‍ॅब्लेशन म्हणतात. अ‍ॅब्लेशन हा शब्द काहींनी हृदयरोगतज्ज्ञाकडे ऐकला असेल, ठोके बिघडवणारा हृदयातला बारीकसा भाग जाळून टाकतात तेव्हा. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लासिक केलेल्यांच्या तर डोळ्यावरच हे अ‍ॅब्लेशन झालेलं असतं.

ही क्रिया जवळून बघायची असेल तर प्रयोगशाळाच लागते असं नाही. दारावरची नावाची पाटी करून घ्यायला मी लेसर कटिंगच्या एका दुकानात गेलो होतो. काळ्या अ‍ॅक्रिलिकवर झोत पुढेमागे सरकत अक्षरं कोरत होता. झोत जिथे पडे तिथे पांढरा ठिपका चमके आणि त्यातून धुराची बारीक रेघ सरळ वर उठे. दुकानभर दातांच्या दवाखान्यासारखा वास पसरला होता. त्या वासाला कारण आहे. कवळीही अ‍ॅक्रिलिकचीच करतात, आणि लेसरखाली अ‍ॅक्रिलिकचे लांबलचक रेणू तुटून ज्या द्रवापासून ते बनलं त्याचीच वाफ पुन्हा होते. ती वाफ वर उडते तेव्हा पाटीला खालच्या दिशेने धक्का बसतो. पाटी टेबलावर टेकलेली, झोत अखंड आणि लेसर लहान, त्यामुळे तो धक्का बोटालाही कळणार नाही. पण तो असतो.

आता प्रश्न असा की प्रकाशाला स्वतःचाही धक्का असतो, मग मध्ये हा जाळण्याचा उद्योग कशाला?

प्रकाश खरोखरच ढकलतो. जपानने २०१० मध्ये इकारोस नावाचं यान पाठवलं. त्याला १४ मीटर लांब आणि तेवढंच रुंद असं केसाहून कितीतरी पातळ शीड होतं, आणि त्या शिडावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाने ते यान ढकललं गेलं. शीड म्हणजे जवळजवळ २०० चौरस मीटर, एखाद्या ऐसपैस अंगणाएवढं. त्यावर प्रकाशाचा रेटा मोजला तो १.१२ मिलिन्यूटन. एक दशांश ग्रॅम वजन हातावर ठेवल्यावर जेवढा भार जाणवेल, म्हणजे जवळपास जाणवणारच नाही, तेवढा.

हिशेब सांगतो. १ वॅटचा झोत आरशावर आपटून पूर्ण परत फिरला तर त्याने दिलेला रेटा सुमारे ६.७ नॅनोन्यूटन, म्हणजे न्यूटनाच्या एक अब्जांश भागाच्या पावणेसात पट. या दराने १ किलोची वस्तू जमिनीवरून नुसती अधांतरी धरायला दीड हजार मेगावॅटचा झोत लागेल. तोच झोत आरशावर न टाकता प्लास्टिकच्या तुकड्यावर योग्य पद्धतीने टाकला आणि त्याचा थर उडवला, तर १ वॅटमागे साधारण १०० मायक्रोन्यूटन रेटा मिळतो. मग तेच काम एक लाख वॅटमध्ये होतं. पंधरा हजार पट फरक. इकारोसच्या त्या अंगणभर शिडाला जेवढा रेटा मिळाला तेवढा ११-१२ वॅटचा लेसर एका प्लास्टिकच्या तुकड्याला देऊ शकतो.

एवढा फरक कुठून येतो? नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरकते हे नदीकाठी वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं. उडी मारणारा जितका जड, तितकी नाव जास्त सरकते. प्रकाशाला वजनच नाही. तो प्रचंड वेगाने जातो, पण जाताना मागे फारसा झटका देत नाही. जाळून उडवलेल्या वाफेला मात्र वजन असतं, भले मायक्रोग्रॅममध्ये असो. लेसर ऊर्जा आणतो आणि वस्तू वजन देते. या दोघांच्या भागीदारीतून रेटा उभा राहतो.

एक ठोका कल्पून बघा. १ ज्यूल ऊर्जेचा लेसरचा एकच ठोका १ ग्रॅम वजनाच्या प्लास्टिकच्या चकतीवर मारला. चकती सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने निघते. उडालेला माल साधारण १० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेवणातल्या मिठाच्या एका कणाचा पाचवा-सहावा भाग. तो सेकंदाला १० किलोमीटर वेगाने सुटतो म्हणून एवढ्याशा मालाने चकती हलते. हाच ठोका चकतीने नुसता शोषून घेतला असता आणि काहीच उडालं नसतं, तर चकती सेकंदाला ३ मायक्रोमीटर सरकली असती. केसाच्या जाडीचा विसावा भाग.

दुकानातला झोत अखंड होता असं मी वर म्हटलं. रेटा हवा असेल तर झोत अखंड ठेवून चालत नाही, ठोके मारावे लागतात, आणि तेही अतिशय आखूड. या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला हीच वाटते, म्हणून तिथे थोडं थांबतो.

धातूवर उष्णता पडली की ती लगेच आत झिरपायला लागते. झोत सावकाश पडला तर ऊर्जा आत पसरते, सगळा तुकडा गरम होतो, फार तर वितळून ओघळतो. ओघळण्याने रेटा मिळत नाही. डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवला, तिथे वस्तू तापवून निकामी करणं हाच हेतू होता. रेट्यासाठी हवं ते नेमकं उलट. ऊर्जा इतक्या झटपट ओतायची की उष्णतेला आत पळायला वेळच मिळू नये. ठोका १० नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाचा असेल, तर अ‍ॅल्युमिनियममध्येही तेवढ्या वेळात उष्णता जेमतेम १ मायक्रोमीटर आत शिरते. त्या १ मायक्रोमीटरच्या पापुद्र्यात सगळी ऊर्जा कोंडली जाते. त्याला वितळून, उकळून, शांतपणे वाफ व्हायची सवडच नसते, तो स्फोट होऊनच उडतो. आणि त्याच्या खालचा धातू? त्याला हात लावला तर तो थंडच लागेल.

लासिक शक्य झालं ते याच गुणामुळे. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत अतिनील लेसरने प्लास्टिक कोरत होते. त्या लेसरचे आखूड ठोके प्लास्टिक न करपवता, कडा स्वच्छ ठेवून थर काढतात हे त्यांना दिसलं. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर तोच लेसर मारला. आजूबाजूचं मांस भाजलंच नाही. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांसोबत केलेल्या या कामातून पुढे डोळ्याच्या शस्त्रक्रियेची वाट निघाली. डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा तासताना शेजारची पेशी सुखरूप राहते आणि धातूचा पापुद्रा उडताना खालचा धातू थंड राहतो, दोन्हींमागे कारण सारखंच आहे.

ठोका आखूड हवा, पण जोर वाढवत गेलं की फायदाही वाढतच जातो असं नाही. थर उडतो तेव्हा तो नुसती वाफ राहत नाही. तो इतका तापलेला असतो की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, प्लाझ्मा बनतो, पृष्ठभागावर झगझगीत ढग उभा राहतो. झोताचा जोर बेताचा असेल तोवर हा ढग कामाचा, कारण तो पसरताना वस्तूला रेटतो. जोर जास्त झाला की ढग दाट होतो आणि मागून येणारा प्रकाश स्वतःच गिळायला लागतो. खालच्या पृष्ठभागापर्यंत काही पोचतच नाही. म्हणून प्रत्येक ठोक्याच्या लांबीला एक बेताचा जोर असतो. १० नॅनोसेकंदांच्या ठोक्यासाठी तो साधारण चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल. त्याच्या खाली नुसतं तापतं, फार वर गेलं तर ढगच ऊर्जा खातो.

दुसरी मर्यादा याहून पक्की आहे, कारण ती थेट ऊर्जेच्या हिशेबातून येते. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला गोफण चालवतात ती आठवा. गोफणीतून खडा सुसाट जातो, पण खडा हलका असल्यामुळे फेकणाऱ्याला मागे झटका जवळजवळ बसत नाही. तेवढीच ताकद लावून धान्याचं पोतं पुढे लोटलं तर पोतं जेमतेम हातभर जाईल, पण लोटणारा मागे ढकलला जाईल. ऊर्जा ठरावीक असेल तर जोरदार रेटा आणि मालाची बचत ही दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. १ किलोवॅटचा लेसर आहे आणि त्यातली निम्मी ऊर्जा फवाऱ्यात उतरते असं धरू. फवारा सेकंदाला ५ किलोमीटर वेगाने सोडला तर रेटा ०.२ न्यूटन. वेग दहापट करून ५० किलोमीटर केला तर रेटा दहावा हिस्सा, ०.०२ न्यूटन, पण माल शंभरपट कमी खर्च होतो. ही अदलाबदल ठोक्याची लांबी आणि जोर बदलून करता येते. यंत्र तेच, माल तोच, आणि गरजेप्रमाणे कधी पोतं लोटायचं, कधी गोफण चालवायची. रासायनिक रॉकेटला हे जमत नाही. त्याची ऊर्जा इंधनाच्या रेणूंत जेवढी बांधलेली असते तेवढीच असते, त्यामुळे द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळूनही वायूचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास अडतो. लेसरच्या बाबतीत ऊर्जा बाहेरून येते, म्हणून ही वेस तिथे नाही.

ऊर्जा बाहेरून येते, या गोष्टीनेच या क्षेत्राला पहिलं मोठं स्वप्न दिलं. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९७२ मध्ये मांडलं की इंजिनाचा जड भाग यानावर चढवायचाच कशाला? वीजघर आणि लेसर जमिनीवर ठेवा, वर फक्त सामान आणि उडवायचा माल जाऊ द्या. लेसर बिघडला तर जमिनीवरच दुरुस्त करता येईल, आणि एकच लेसर दिवसभरात कितीतरी याने वर ढकलेल.

हे स्वप्न खऱ्या अर्थाने हवेत नेलं लेक मायराबो या अमेरिकन अभियंत्याने. त्यांनी लाइटक्राफ्ट नावाची छोटी याने बनवली. पाण्यात पडलेल्या थेंबाने जसा मुकुट उठतो तशा आकाराची, अ‍ॅल्युमिनियमची, तळहाताहून थोडी मोठी. खालचा भाग चकचकीत वक्र आरसा. जमिनीवरून वर मारलेला झोत या आरशावर पडून कडेच्या कड्यात एकवटायचा आणि तिथे स्फोट व्हायचा. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या लष्करी चाचणी मैदानावर १० किलोवॅटचा कार्बन डायऑक्साइड लेसर होता. पाटीच्या दुकानातल्या मशिनमध्येही याच जातीचा लेसर असतो, फक्त कितीतरी लहान आणि अखंड. मैदानावरचा लेसर सेकंदाला पंचवीसेक ठोके मारायचा. यान आधी भोवऱ्यासारखं गरागरा फिरवायचे, म्हणजे ते झोतावर तोल धरून राहील, आणि मग ठोके सुरू. २ ऑक्टोबर २००० रोजी १२.२ सेंटिमीटर व्यासाचं, सुमारे ५० ग्रॅम वजनाचं यान १२.७ सेकंद हवेत राहिलं आणि ७१ मीटर उंच गेलं. त्याच्या कड्यात डेलरिन नावाचं प्लास्टिक बसवलेलं होतं, गिअर आणि बेअरिंग करायला वापरतात ते टणक पांढरं प्लास्टिक. तेच जळून उडत होतं आणि रेटा देत होतं.

७१ मीटर म्हणजे वीस-बावीस मजली इमारत. त्या उड्डाणाला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. मला ते उड्डाण फार मोलाचं वाटतं, पण कक्षेत जाण्याची ही वाट त्यानंतर का अडली तेही सांगायला हवं. ५० ग्रॅमला १० किलोवॅट म्हणजे किलोला २०० किलोवॅट, आणि तेही ७१ मीटरसाठी. कक्षेत पोचायला नुसती उंची पुरत नाही, सेकंदाला साडेसात किलोमीटरचा आडवा वेग लागतो. त्यासाठी या क्षेत्रात ढोबळ हिशेब धरतात तो किलोला १ मेगावॅटचा. १०० किलोच्या उपग्रहाला १०० मेगावॅटचा झोत, काही मिनिटं न अडखळता, वातावरणाच्या हेलकाव्यांतून शेकडो किलोमीटर दूर पळणाऱ्या ताटलीएवढ्या लक्ष्यावर. लेसर वीज वापरतो त्याचा मोठा भाग उष्णतेत जातो, तेव्हा मागे वीज याच्या तिप्पट तरी लागणार. विज्ञान अडलेलं नाही. पण तेवढा लेसर कोणाकडे नाही.

म्हणून मला वाटतं की या तंत्राची पहिली खरी कामं कक्षेत जाण्याची नसतील, आधीच कक्षेत असलेल्या गोष्टी हलवण्याची असतील.

त्यातलं एक काम अगदी लहान आहे. छोट्या उपग्रहाला दिशा बदलायला, जागेवर टिकून राहायला मायक्रोन्यूटन ते मिलिन्यूटन एवढाच रेटा पुरतो. क्लॉड फिप्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने यासाठी केलेली रचना मला फार आवडते, कारण ती आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटची भावंड आहे. दोन रिळं, त्यांच्यामध्ये प्लास्टिकची फीत. फीत पारदर्शक, तिच्या एका अंगाला काळा, प्रकाश गिळणारा थर. छोटा डायोड लेसर फितीच्या पारदर्शक बाजूने प्रकाश सोडतो, तो फितीतून आरपार जाऊन मागच्या काळ्या थरावर पडतो आणि थर पलीकडे उडतो. लेसर थेट काळ्या बाजूने का मारत नाहीत? कारण मग उडालेली काजळी सरळ लेसरच्या भिंगावर येऊन बसते आणि थोड्याच वेळात भिंग आंधळं होतं. पंखा लावून दिवाळीत भुईनळा पेटवला आणि सगळ्या ठिणग्या तोंडावर आल्या असं होतं ते. फीत मध्ये घातली की लेसर एका बाजूला, काजळी दुसऱ्या बाजूला. फीत पुढे सरकत राहते आणि दर ठोक्याला कोरी जागा मिळते. टाकी नाही, झडप नाही, गळणारं विषारी इंधन नाही.

दुसरं काम मोठं आहे आणि निकडीचं आहे. पृथ्वीभोवती फिरणारा कचरा. २००७ मध्ये चीनने स्वतःचाच एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा इरिडियम आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस हे उपग्रह एकमेकांवर आदळले. या दोन घटनांनीच हजारो तुकडे मागे ठेवले. १ सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांहून जास्त असावेत असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. ते सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने जातात. समोरून येणाऱ्या उपग्रहाला त्यातला बोराएवढा तुकडा लागला तरी उपग्रह संपला. आणि या तुकड्यांना ना इंजिन, ना कडी, ना पकडायला जागा. जाळं टाकायचं तरी दहा लाख वेळा कसं टाकणार?

लेसरला या तुकड्याची काहीच मदत लागत नाही. इंजिन म्हणून तुकड्याचाच पृष्ठभाग, इंधन म्हणून त्याचाच एक पापुद्रा. ८०० किलोमीटर उंचीवरचा तुकडा खाली आणायचा म्हणजे त्याला जमिनीपर्यंत ढकलायचं नसतं. त्याचा वेग सेकंदाला साधारण १६५ मीटरने कमी केला की त्याच्या कक्षेची एक बाजू २०० किलोमीटरपर्यंत खाली येते, तिथली विरळ हवा त्याला आणखी रोखते आणि थोड्याच काळात तो जळून जातो. १ किलोचा तुकडा धरा आणि वॅटमागे ५० मायक्रोन्यूटन रेटा धरा. त्याच्यावर पडायला हवी ती एकूण लेसर ऊर्जा सुमारे ३३ लाख ज्यूल. घरच्या विजेच्या भाषेत ०.९ युनिट. सगळा झोत तुकड्यावर पडत नाही, लेसर बनवताना वीज वाया जाते, ते सगळं मान्य. तरी मूळ आकडा एका युनिटच्या आत आहे हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं होतं.

फिप्स आणि इतरांनी जमिनीवरून हे काम करायची कल्पना मांडली, १९९६ च्या सुमारास नासाने ओरायन या नावाने तिचा अभ्यासही करून घेतला. युक्ती अशी की तुकडा क्षितिजावरून वर येत आपल्याकडे येत असतो तेव्हाच मारायचं. तेव्हा झोत त्याच्या वाटेत समोरून आडवा येतो आणि वेग घटतो. डोक्यावरून पुढे गेल्यावर मारलं तर उलट त्याला हातभारच लागेल. अडचण झोताच्या पसरण्याची. प्रकाश कितीही सरळ सोडला तरी तो पसरतो. १ मायक्रोमीटर तरंगलांबीचा झोत १० मीटर व्यासाच्या आरशातून सोडला तर १,००० किलोमीटरवर त्याचा ठिपका पाव मीटरचा होतो. चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल हवेत, ठिपका पाव मीटरचा, म्हणजे एकेका ठोक्यात काही हजार ज्यूल हवेत, तेही सेकंदाला अनेक वेळा. शिवाय वाटेत वातावरण. तारे ज्याने लुकलुकतात तोच हवेचा हेलकावा झोतही विस्कटतो, त्यासाठी आरसा क्षणोक्षणी वाकवत राहावा लागतो.

म्हणून लेसर वरच नेऊन ठेवायचा विचार पुढे आला. जून २०२० मध्ये जपानच्या स्काय परफेक्ट जेसॅट या उपग्रह कंपनीने रिकेन ही संशोधन संस्था, जाक्सा ही जपानची अवकाश संस्था आणि नागोया व क्यूशू विद्यापीठांसोबत लेसरवाला साफसफाई उपग्रह बनवण्याची घोषणा केली. जवळून मारायचं म्हटलं की आरसा लहान चालतो, वातावरण आड येत नाही आणि छोट्या लेसरने, सावकाश का होईना, काम होतं. शिवाय लेसर लांबूनच काम करतो, गरगरणाऱ्या मोडक्या उपग्रहाला चिकटायला जावं लागत नाही.

एक गोष्ट या सगळ्यात सहज निसटते आणि ती निसटली तर सगळा हिशेब चुकतो. रेटा झोताच्या दिशेने मिळत नाही. उडालेली वाफ पृष्ठभागाला काटकोनात उडते, झोत कुठूनही आला तरी. भिंतीवर तिरपा पाण्याचा फवारा मारला तर पाणी तिरपं उडतं, इथे तसं होत नाही. इथे पृष्ठभागाची तोंडं जिकडे, तिकडे वाफ जाते आणि तुकडा त्याच्या उलट. गोल चेंडू असेल तर काही अडत नाही. पण कक्षेतला कचरा म्हणजे वाकलेले पत्रे, तुटलेले खांब, सोलर पॅनेलचे तुकडे. त्यांना मागे ढकलायला जावं आणि ते बाजूला सरकावेत, किंवा सरकायचे सोडून गरगरायला लागावेत असं होऊ शकतं. त्यामुळे तुकड्याचा आकार आणि त्याचं फिरणं न जाणता नुसता झोत मारण्यात अर्थ नाही.

अशनींच्या बाबतीतही हाच विचार चालतो. पृथ्वीच्या वाटेवर येणाऱ्या खडकाला काही वर्षं आधीपासून सतत थोडं थोडं जाळत राहायचं आणि त्याची वाट बदलायची, यावर स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रात काम झालं आहे. खडकावर लेसर मारून वाफ निघते याबद्दल तर शंकाच उरलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीवर लेसरचे ठोके मारले, उडालेल्या प्लाझ्माचा उजेड तपासला आणि त्यात गंधक असल्याचं सांगितलं. तिथे हवं होतं ते रंगांचं वाचन, रेटा कोणाला मोजायचा नव्हता. पण त्या प्रत्येक ठोक्याला मातीच्या त्या कणांना खाली धक्का बसलाच होता.

या झटक्याचा जोर किती वाढू शकतो हे बघायचं तर कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेकडे बघावं. तिथे १९२ लेसर झोत सोन्याच्या एका छोट्या पोकळ नळीच्या आत पडतात, त्यातून क्ष-किरण निघतात आणि ते आतल्या दोन मिलिमीटरच्या गोळीचा बाहेरचा थर उडवतात. थर बाहेर उडतो, गोळी आत दाबली जाते, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा घालून ३.१५ मेगाज्यूल संलयनाची, म्हणजे हलके अणू एकमेकांत जुळून सुटणारी, ऊर्जा बाहेर आली. गोळी चारी बाजूंनी आत रेटली गेली ती ज्या धक्क्याने, तो आपल्या प्लास्टिकच्या चकतीला बसलेल्या धक्क्याचाच थोरला भाऊ.

पुन्हा कक्षेकडे येतो. मोडका उपग्रह खाली आणायचा तर बऱ्याचदा आधी त्याचं गरगरणं थांबवावं लागतं. फिरत्या उपग्रहाला दुसरं यान जोडायला गेलं तर पंख्याच्या पात्यात हात घातल्यासारखं होतं. जपानी गटाच्या आराखड्यात हे कामही लेसरकडेच आहे. बागेतलं मुलांचं गोल चक्र थांबवताना आपण काय करतो? त्याला मिठी मारत नाही. बाजूला उभं राहून आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक दांड्याला हाताने हलकेच उलटं लोटतो. एक दांडा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. लेसरही तसाच लांब उभा राहतो. उपग्रहाचं एक टोक त्याच्याकडे फिरत येतं, नेमक्या त्या क्षणी ठोका पडतो, काही मायक्रोग्रॅम धातू उडतो, टोकाला केसभर उलटा झटका बसतो. टोक पलीकडे जातं, दुसरं येतं, पुन्हा ठोका. दिवसेंदिवस, फेरीमागून फेरी, चक्र मंदावत जातं.